लगाम नसलेली शर्यत



ध्रुवीय प्रदेशाचा पाठ आला की आपण मुलांना सांगतो, तिथे कुत्रे स्लेज ओढतात. चित्र दाखवतो, प्रश्नोत्तरं लिहून घेतो आणि पुढच्या पाठाकडे वळतो. पुढच्या वेळी जरा थांबून विचारा: पुढे चौदा कुत्रे, मागे स्लेजवर उभा एकटा माणूस. तो त्यांना वळवतो कसा? कोणी लगाम म्हणेल, ज्याच्या घरी बैल आहेत तो कासरा म्हणेल.

स्लेजला लगामही नसतो आणि कासराही. स्लेज चालवणाऱ्याला मशर म्हणतात. त्याच्याकडे असतो फक्त आवाज. 'जी' म्हटलं की उजवीकडे, 'हॉ' म्हटलं की डावीकडे. (आपल्या मुलांना हा 'जी' फार आवडतो!) पायाशी ब्रेक आणि थांबल्यावर बर्फात रोवायला लोखंडी आकडा, बस्स. हुकूम ऐकतात ते सर्वांत पुढचे एक-दोन म्होरके, बाकीचे त्यांच्यामागून जातात. स्लेजलगत दणकट कुत्रे जुंपतात, कारण वळणावरचा हिसका आधी त्यांना बसतो. पुढचा बर्फ धोक्याचा वाटला तर अनुभवी म्होरका हुकूम मोडून अडूनही बसतो. तेव्हा शहाणा मशर त्याचं ऐकतो.

अशा कुत्र्यांची सर्वांत नावाजलेली शर्यत म्हणजे अमेरिकेच्या अलास्का राज्यातली 'इडिटारॉड'. दरवर्षी मार्चमध्ये अँकरेज शहरातून समारंभाने सुरुवात होते आणि शेवट होतो बेरिंग समुद्राकाठच्या नोम गावात. अंतर सुमारे 1600 किलोमीटर. वाटेत अलास्का पर्वतरांग, गोठलेली युकॉन नदी आणि शेवटी समुद्रकिनाऱ्यावरचं बोचरं वारं. गावागावांत बर्फावरच्या मोटारगाड्या आल्या नि कुत्रे दिसेनासे होऊ लागले, म्हणून जो रेडिंग्टन यांनी 1973 मध्ये नोमपर्यंतची ही शर्यत सुरू केली. पहिल्या वर्षी विजेत्याला 20 दिवस लागले होते. आता विजेता नऊ-दहा दिवसांत पोचतो.

पण नुसता वेग सांगून थांबलो तर मुलांना अर्धीच शर्यत कळेल. विश्रांती इथे नियमातच आहे: एकदा सलग 24 तास आणि दोनदा 8-8 तास थांबावंच लागतं. त्याशिवाय वाटेत जितके तास पळणं, साधारण तितकेच तास आराम, असा अनेकांचा हिशेब असतो. हा आराम कुत्र्यांचा बरं का! मशर स्लेज थांबवतो, बर्फ वितळवून पाणी करतो, कुत्र्यांसाठी गवताचा बिछाना घालतो, त्यांना गरम जेवण देतो. मग एकेक पंजा तपासून मलम लावतो. चौदा कुत्र्यांचे पंजे किती? छप्पन्न! गणिताच्या तासालाही चालेल हे. प्रत्येक पंजाला कापडी मोजा असतो आणि फाटला की बदलायचा. एवढं सगळं उरकल्यावर माणसाला झोप मिळते तासाभराची. कुत्रा जेमतेम 20-25 किलोचा, पण शर्यतीत दिवसाला सुमारे 10,000 कॅलरी खातो. मोठ्या माणसाच्या चार-पाच पट!

संकटंही तशीच. मूस नावाचं घोड्याएवढं हरीण वाट अडवतं. 1985 मध्ये अशाच एका मूसने सुझन बुचर यांचे दोन कुत्रे मारले आणि त्यांना शर्यत सोडावी लागली. त्या वर्षी लिबी रिडल्स जिंकल्या. ही शर्यत जिंकणाऱ्या त्या पहिल्या महिला! बाकीचे वादळ थांबण्याची वाट बघत असताना त्या वादळात शिरल्या होत्या. पुढची सलग तीन वर्षं बुचर जिंकल्या. मुलींना ही दोन नावं जरूर सांगा.

आता न टाळता सांगायची बाजू. या शर्यतीत कुत्रे मरतातही. 2024 मध्ये तीन मेले. शर्यत बंद करा, अशी प्राणिमित्र संघटनांची मागणी जुनीच आहे. मशर म्हणतात, या कुत्र्यांना पळण्याचीच ओढ असते, आणि सुटायच्या आधी त्यांचा चाललेला आरडाओरडा पाहिला की ते खोटं वाटत नाही. पण पळायची हौस कुत्र्याची असली तरी 1600 किलोमीटरचा आकडा माणसाने ठरवलाय, असं मला वाटतं. आपल्याकडे बैलगाडा शर्यतीवरून हाच वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, त्यामुळे मुलांना तो नवा नाही. वर्गात दोन गट करून बोलू द्या.

त्यात एखादं मूल विचारतंच, "सर, कुत्र्याला थांबायचं असेल तर तो सांगणार कसा?" उत्तर दोरीत आहे. प्रत्येक कुत्र्याला स्वतंत्र ओढदोर असते. ती ताठ असेल तर तो ओढतोय. सैल पडली, चाल बिघडली, जेवण नको झालं, की मशरने ओळखायचं. मुक्कामाच्या ठिकाणी पशुवैद्य असतातच. वाटेतच कुत्रा थकला किंवा लंगडला तर त्याला सोडवून स्लेजमध्ये ठेवतात आणि बाकीचे त्याला पुढच्या मुक्कामापर्यंत ओढून नेतात. तिथून तो छोट्या विमानाने परत जातो.