जुनी कॅसेट लावताय? आधी टेपचं हेड पुसा

आजचा भाग अशा लोकांसाठी, ज्यांच्या घरी माळ्यावर कॅसेटचा एक डबा आहे आणि त्यातल्या एखादीवर निळ्या पेनाने 'बारसं' किंवा 'आजीच्या ओव्या' असं काहीतरी लिहिलंय. सिनेमाच्या गाण्यांचं सोडा, ती मोबाइलवर मिळतील. आजीच्या ओव्यांची मात्र ती एकच प्रत आहे. आणि आपण काय करतो? कित्येक वर्षं बंद असलेला टेपरेकॉर्डर खाली काढतो, धूळ झटकतो आणि तीच कॅसेट पहिल्यांदा आत घालतो. प्लीज, असं करू नका.

मग आवाज आला की सगळे म्हणतात, ''अगं, खराब झाली कॅसेट, काही कळतच नाहीये.'' बऱ्याचदा कॅसेट ठीक असते. घाण असतं ते हेड.

हे का होतं ते सांगतो, कारण ते मला फार आवडतं. कॅसेटची पट्टी हेडसमोरून सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते. म्हणजे १०० हर्ट्झचा जाडसर आवाज पट्टीवर साधारण अर्धा मिलिमीटर जागा घेतो. पण १० हजार हर्ट्झच्या बारीक आवाजाची एक लाट जेमतेम ५ मायक्रॉनची. डोक्याचा केससुद्धा याच्या कितीतरी पट जाड असतो! आता पट्टीवरची तपकिरी लोहभुकटी वर्षानुवर्षं हेडवर घासून तिथे पुटं चढतात. पट्टी हेडपासून दोन-तीन मायक्रॉन जरी उचलली गेली, तरी बारीक आवाज जवळजवळ गायब. जाड आवाज येत राहतो. 'स', 'श', 'च', बांगड्यांची किणकिण, टाळांचा आवाज हे सगळं जातं आणि आजी उशीत तोंड खुपसून गातेय असं वाटतं.

आता सफाई. प्लग काढा. झाकण उघडा आणि 'प्ले'चं बटण दाबा. जुन्या खटक्याच्या टेपमध्ये वीज नसतानाही हेड पुढे येतं. मधला चकचकीत धातूचा तुकडा म्हणजे वाजवणारं हेड, शेजारी पुसणारं हेड. उजवीकडे एक बारीक धातूची दांडी दिसेल, ती कॅपस्टन. तिला टेकणारं काळं रबरी चाक म्हणजे रोलर.

९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत, नाहीतर ऑनलाइन. सॅनिटायझर अजिबात नको, त्यात ग्लिसरीन वगैरे असतं आणि त्याचाच थर बसतो. कान साफ करायची कापसाची काडी ओलसर करायची, थेंब गळता कामा नये, आणि हेडवर हळूच फिरवायची. काडी तपकिरी होईल. दुसरी घ्या, तिसरी घ्या. काडी पांढरी निघेपर्यंत. नखाने, पिनेने खरवडायचं नाही. आणि लोहचुंबक असलेला स्क्रूड्रायव्हर हेडच्या आसपाससुद्धा नको.

सगळे हेडबद्दल बोलतात, पण माझ्या मते जास्त लक्ष रोलर आणि कॅपस्टनला द्यायला हवं. घाण हेडमुळे आवाज दबतो. पुसलं की परत येतो. चिकट रोलर पट्टी स्वतःभोवती गुंडाळून घेतो, आणि एकदा चुरगळलेली पट्टी पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. कॅपस्टन अल्कोहोलने पुसा. रबराला मी अल्कोहोल लावत नाही, ते कोरडं पडू शकतं. सौम्य साबणाच्या पाण्यात पिळलेलं फडकं पुरतं. रबर च्युइंगगमसारखं चिकट झालं असेल किंवा त्याला तडे गेले असतील, तर पुसत बसू नका, रोलर बदला.

सगळं वाळलं की प्लग लावा आणि कॅसेट न घालता प्ले करा. उजवीकडची चकती फिरतेय का बघा. हीच चकती वाजून आलेली पट्टी गोळा करते. ती थांबली तर पट्टी आतच साठत जाते आणि टेप कॅसेट 'खातो'. चकती अडखळत असेल तर बहुधा आतला रबरी बेल्ट सैल झालाय. गाणं लाटांसारखं खालीवर होत असेल तरी पहिला संशय बेल्टवरच.

मग एखादी टाकाऊ कॅसेट अख्खी वाजवा. आजीची नाही!

हेड पुसूनही फक्त एकाच कॅसेटचा आवाज दबका येत असेल, तर दोन गोष्टी तपासा. पट्टीमागे स्पंजाचा किंवा तांब्याच्या पट्टीवरचा छोटा नमदा असतो, तो गळून पडला असेल तर पट्टी हेडला टेकतच नाही. नमदा जागेवर असेल तर हेडचा कोन जुळत नसणार, कारण कॅसेट दुसऱ्याच टेपवर भरलेली असते. हेडच्या एका बाजूला स्प्रिंग असलेला स्क्रू असतो. मूळ जागेवर मार्करने खूण करा, कॅसेट वाजत असताना तो अगदी थोडा, पाव फेऱ्याच्या आत, इकडेतिकडे फिरवा आणि 'स' कुठे सगळ्यात स्वच्छ येतो ते ऐका. हे रेकॉर्डिंगच्या आधीच करायचं. दबलेला बारीक आवाज नंतर ॲपमध्ये ट्रेबल वाढवून परत येत नाही, नुसती खरखर वाढते.

आजीची कॅसेट घालण्याआधी तिच्या मागच्या कडेचे दोन्ही चौकोनी तुकडे मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दबणार नाही. पट्टीच्या कडेवर पांढरी बुरशी दिसली, कोकणातल्या घरांत हमखास दिसते, तर ती कॅसेट वाजवू नका. बुरशी हेडवर आणि तिथून पुढच्या कॅसेटवर जाते. ती कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवून जाणकाराकडे न्या. बाकी ठीक असेल तर षटकोनी पेन्सिल घालून सैल पट्टी ताणून घ्या, लॅपटॉपवर रेकॉर्डिंग आधी सुरू करा आणि मगच प्ले दाबा. जुनी पट्टी मध्येच तुटली, तरी तिथवरचं तुमच्याकडे राहील.