विद्यास्वातंत्र्य : बंगळूर येथील एक प्रकरण

इ. स. १९३३ च्या एप्रिल महिन्यात जर्मनीत एक कायदा झाला. त्यान्वये ज्यूवंशीयांना सरकारी सेवेतून दूर करण्यात येऊ लागले. तेथील विद्यापीठांचे प्राध्यापक हे सरकारी सेवकच असत. त्यामुळे गॉटिंगेनचे पदार्थवैज्ञानिक माक्स बोर्न यांचेही पद गेले. त्यांच्या संशोधनात कोणी चूक दाखविली नव्हती.

अध्यापकाने काय शोधावे, काय शिकवावे आणि काय प्रसिद्ध करावे याचा निवाडा त्या विषयाच्या जाणकारांनी करावा, सत्तेने करू नये, यास विद्यास्वातंत्र्य म्हणतात. वर्गात चुकीचे गणित शिकविण्याची मुभा त्यात येत नाही. जाणकारांच्या परीक्षणातून कोणाचीच सुटका नसते.

त्याच वर्षी चंद्रशेखर वेंकट रामन हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. जर्मनीतून बाहेर पडलेल्या विद्वानांचा लाभ या देशास व्हावा, ही त्यांची इच्छा. बोर्न १९३५ च्या अखेरीस बंगळुरास आले आणि सुमारे सहा महिने राहिले. त्यांना कायमचे पद देण्याचा रामन यांचा प्रयत्न मात्र फसला. स्वदेशातून घालवून दिलेला दुय्यम योग्यतेचा परदेशी माणूस, अशा आशयाचे उद्गार आपल्याविषयी एका इंग्रज प्राध्यापकाने सभेत काढले, असे बोर्न यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. ज्या कार्याबद्दल त्यांना १९५४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, ते त्यांनी १९२६ मध्येच पूर्ण केले होते!

येथे रामन यांची बाजू सर्वस्वी निर्दोष होती असे मात्र नव्हे. पदार्थविज्ञानास झुकते माप मिळते, इतर विभागांची ओढाताण होते, अशी सहकाऱ्यांची तक्रार होती. संचालक कितीही थोर असला तरी रसायनशास्त्रज्ञास त्याच्यापासूनही संरक्षण हवेच. सर जेम्स आयर्विन यांच्या अध्यक्षतेखाली १९३६ मध्ये समिती नेमण्यात आली आणि १९३७ मध्ये रामन यांना संचालकपद सोडावे लागले.

परंतु त्यांचे प्राध्यापकपद अबाधित राहिले. कारभार गेला, प्रयोगशाळा गेली नाही. पुढे १९४८ पर्यंत ते तेथेच संशोधन करीत व विद्यार्थी घडवीत राहिले. गॉटिंगेनला बोर्न यांच्या वाट्यास न आलेली गोष्ट ती हीच : नियामक मंडळाची मर्जी गेली तरी न जाणारे पद. अध्यापकास सेवेची शाश्वती देण्याची जी प्रथा आहे, ती त्याच्या सुखासाठी नसून याचसाठी आहे.

दुसरे संरक्षण पैशाचे. १९४८ मध्ये रामन यांनी बंगळुरातच स्वतःची संशोधन संस्था उभारली आणि तिच्यासाठी सरकारी अनुदान घेण्याचे ते टाळीत. अनुदानामागून अटी येतात असे त्यांचे मत. हा मार्ग रामन यांच्यासारख्यालाच साधेल. सामान्य महाविद्यालयाचा पगार देणग्यांवर भागत नाही.

तिसरे संरक्षण कायद्याचे. जर्मनीने आपली चूक ओळखून १९४९ च्या मूलभूत कायद्याच्या पाचव्या कलमात विज्ञान, संशोधन व अध्यापन यांचे स्वातंत्र्य स्पष्टपणे लिहून ठेवले. भारताच्या संविधानात असे स्वतंत्र कलम नाही; एकोणिसाव्या अनुच्छेदातील भाषण व अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा आधार अध्यापकास घ्यावा लागतो, आणि तेही वाजवी निर्बंधांसह. म्हणून आपल्याकडे विद्यापीठाचे नियम, नेमणुकीची रीत आणि विद्वत्सभेची रचना यांस अधिक महत्त्व येते.

रामन १९७० मध्ये निवर्तले. त्यांची संस्था १९७२ पासून केंद्र सरकारच्या अनुदानावर चालते. तिच्या कारभारासाठी स्वतंत्र नियामक परिषद आहे.