दाभोसा मावतो, कडेची मावशी पसरते!

जव्हारजवळच्या दाभोसा धबधब्यापुढे ग्रुप फोटो काढायचा, तर मोबाइल ‘वाइड’वर टाकावाच लागतो. सुमारे ३०० फुटांवरून कोसळणारं पाणी फ्रेममध्ये मावतं. पण कडेला उभ्या मावशीचा चेहरा मात्र पसरतो. असं का? घ्या, ही चटपटीत उत्तरं!

दोष भूमितीचा : भोवतालचं जग सपाट फोटोवर बसवताना कडा ताणल्या जातात. संत्र्याची साल पोळपाटावर सपाट करून पाहा, कळेल!

धूसरपणा भिंगाचा : तिरपे येणारे किरण साध्या भिंगाला एका बिंदूत आणता येत नाहीत. म्हणून वाइड लेन्समध्ये भिंगामागे भिंग रचतात.

कडेला अंधार : साध्या भिंगात मध्यापासून ६० अंशांवर उजेड पोहोचतो, तो मध्याच्या जेमतेम सोळावा हिस्सा.

गाजराची करामत : धूसरपणावरचा एक उतारा म्हणजे द्रवस्फटिक. १८८८ मध्ये फ्रीड्रिश रायनित्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाला गाजरातल्या कोलेस्टेरॉलपासून बनवलेला एक पदार्थ चक्क दोनदा वितळताना दिसला. १४५.५ अंश सेल्सिअसला गढूळ, १७८.५ला नितळ! हाच तो द्रवस्फटिक. त्याचेच भाऊबंद आज कॅल्क्युलेटरच्या पडद्यात आहेत.

काट्याने काटा : वीज लावली की द्रवस्फटिकाचे काडीसारखे रेणू वळतात आणि त्यातून जाणाऱ्या प्रकाशाचा वेग बदलतो. बारीक चौकटींच्या पट्टीत प्रत्येक चौकटीला वेगळा व्होल्टेज द्या. भिंगाच्या चुकीवर नेमकी उलटी चूक तयार!

डोळ्याची नक्कल : हात लांब करून अंगठ्याचं नख पाहा. डोळ्याला एका वेळी लख्ख दिसतं, ते जवळपास तेवढंच. २००१ मध्ये अमेरिकी संशोधकांनी हीच युक्ती वापरली : रुंद दृश्यातला हवा तो कोपरा द्रवस्फटिकाने स्वच्छ करायचा, मग दुसरा. मोखाड्याच्या बोहाडा या मुखवट्यांच्या उत्सवात रात्री सोंगं नाचतात, पण नजर एका वेळी एकाच मुखवट्यावर खिळते, तसंच!

पुण्याचाही हात : पुण्याच्या आयुका संस्थेने अमेरिकेच्या कॅलटेकसोबत ‘रोबो-एओ’ यंत्रणा उभारली. हवेमुळे लुकलुकणाऱ्या ताऱ्याची प्रतिमा तीही उलटी चूक तयार करूनच स्थिर करते. तिथे मात्र द्रवस्फटिक नाही, आकार बदलणारा आरसा आहे.

खोट एकच : साधा द्रवस्फटिक एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश सुधारतो. त्यासाठी गाळणी लावली, की निम्मा उजेड गेलाच.

आणि पसरलेल्या चेहऱ्याचं काय? ते भूमितीचं दुखणं. त्यावर द्रवस्फटिकाचंही औषध नाही. मावशीला मध्ये उभं करा, कडेला झाडं येऊ द्या!