मांजर-उंदराचे जुने हसू

मुंबईत धोबी तलावापाशी 'मेट्रो' हे चित्रपटगृह एमजीएम या अमेरिकन कंपनीने १९३८ साली उभारले. त्याच कंपनीच्या टॉम आणि जेरी या मांजर-उंदरांची आमच्या पिढीतील पुष्कळांशी पहिली ओळख अशाच एखाद्या चित्रपटगृहाच्या अंधारात, मुख्य चित्रपट सुरू होण्यापूर्वी झाली. आज ते पट घरबसल्या केव्हाही पाहता येतात. अलीकडे नातवाशेजारी बसून त्यांतील वीस-पंचवीस मी ओळीने पाहिले. बहुतेक ठिकाणी आम्ही दोघे एकदमच हसलो. काही ठिकाणी मी हसलो आणि तो कोरा राहिला. एके ठिकाणी मात्र तो हसला आणि माझे हसू ओठांवरच थबकले.

हे पट मुळात मुलांसाठी काढलेले नव्हते, ही गोष्ट आता विस्मृतीत गेली आहे. वार्तापट, मग सात मिनिटांचे कार्टून आणि मग मोठा चित्रपट, असा त्या काळच्या अमेरिकन चित्रपटगृहांतील खेळाचा क्रम असे. समोर दिवसभराचे काम संपवून आलेली प्रौढ माणसे असत. हॅना आणि बार्बेरा या जोडीने १९४० ते १९५८ या काळात टॉम-जेरीचे ११४ पट काढले आणि त्यांतील सातांना ऑस्कर मिळाले. तिकडे वॉर्नर ब्रदर्सच्या कार्टून विभागात टेक्स ॲव्हरी, बॉब क्लॅम्पेट, चक जोन्स ही मंडळी बग्ज बनी नावाच्या उद्धट सशाला घेऊन याच प्रेक्षकाला हसवीत होती. सेकंदाला २४ चौकटी या हिशेबाने सात मिनिटांत दहा हजार चौकटी होतात. एवढे कष्ट क्षणभराच्या हशासाठी उपसले जात.

त्यांतील काही हसू नुसते वाळून गेले आहे. १९४७ च्या एका पटात हंफ्री बोगार्ट उपाहारगृहात येऊन सशाचे मांस मागतो. त्या वेळच्या प्रेक्षकाला तो चेहरा दिसताच हसू फुटले असेल. माझ्या नातवाला तो कोणी चिडका गृहस्थ वाटला. युद्धकाळातील रेशनिंगवरचे विनोदही असेच निरर्थक झाले आहेत. त्याबद्दल खंत करण्याचे कारण नाही. तात्कालिक विनोदाचे आयुष्य तेवढेच असते.

जे टिकले ते मात्र आश्चर्य वाटावे इतके ताजे आहे. चक जोन्सने १९४९ मध्ये पडद्यावर आणलेला तो हडकुळा कायोटी पाहावा. रोडरनर पक्ष्याचा पाठलाग करता करता तो कडा ओलांडून हवेत धावत जातो. तो पडत नाही. पायाखाली जमीन नाही हे ध्यानात येईपर्यंत पडतच नाही. मग तो खाली पाहतो, प्रेक्षकांकडे पाहतो आणि त्यानंतर कोसळतो. सारा विनोद त्या पाहण्यात आहे. आपल्या फजितीची जाणीव होण्याचा तो अर्धा क्षण कोणत्याही देशातील, कोणत्याही कचेरीतील माणसाला परिचित असतो. या पटांत हिंसा फार, अशी तक्रार शिक्षक-पालकांकडून पुष्कळदा येते. मला ती पटत नाही. सपाट झालेला टॉम पुढच्याच क्षणी उठून बसतो, हे मुलाला मोठ्यांपेक्षा लवकर कळते. १९४६ सालासाठीचे ऑस्कर मिळविणाऱ्या पटात टॉम लिस्टचे संगीत पियानोवर वाजवीत असतो आणि जेरी त्याच पियानोत झोपलेला असतो. त्या भांडणातील प्रत्येक तडाखा सुरांच्या तालावर बसविलेला आहे. असे काम शिळे होत नाही.

आता माझे हसू थबकले ते ठिकाण. स्फोट होतो, धूर ओसरतो आणि टॉमचा चेहरा काळाकुट्ट, जाड ओठांचा, डोक्यावर लहान लहान वेण्या असलेला दिसतो. गोऱ्या नटांनी तोंडाला काळे फासून काळ्या माणसांची नक्कल करायची, ही अमेरिकन रंगभूमीवरील जुनी प्रथा. त्या विनोदाची मुळे तिच्यात आहेत. लहानपणी आम्हांला यातले काहीच ठाऊक नव्हते, असे म्हणून मोकळे होता आले असते. पण तोंडाला काळे फासणे हा वाक्प्रचार आमच्याही भाषेत आहे, आणि काळेपणा हा थट्टेचा विषय आहे हे आम्हांला कोणी अमेरिकनाने शिकवले नव्हते. आम्हांला तो विनोद समजत होता, हीच अडचण आहे.

अशा पटांचे करायचे काय, याची निरनिराळी उत्तरे दिली गेली. वॉर्नरचे अकरा पट १९६८ मध्ये प्रक्षेपणातून कायमचे वगळण्यात आले; क्लॅम्पेटचा १९४३ चा एक विलक्षण कौशल्याचा आणि तितकाच अपमानास्पद पट त्यांत आहे. मेक्सिकन उंदीर स्पीडी गोन्झालेझ १९९९ मध्ये कार्टून नेटवर्कने दूर ठेवला, तर ज्यांचा अपमान टाळायचा म्हणून हे केले त्यांनीच तो परत मागितला आणि २००२ मध्ये तो परतलाही. पुढे वॉर्नरने आपल्या संग्रहांच्या प्रारंभी सूचना घातली: हे चित्रण तेव्हाही चूक होते आणि आजही चूक आहे, पण ते लपविणे म्हणजे तो पूर्वग्रह कधी नव्हताच असे म्हणण्यासारखे होईल. कात्रीपेक्षा मला ही सूचना बरी वाटते. पण सात वर्षांचे मूल सूचना वाचीत नाही.

कात्रीने आणखी काय कापले जाते, याचे एक उदाहरण टॉमच्या घरातच आहे. झाडू घेऊन त्याच्या मागे धावणारी ती काळी बाई बहुतेक वेळा कमरेखालीच दिसते. या साचेबंद चित्रणावर काळ्या नागरिकांच्या संघटनांनी आक्षेप घेतला होता आणि १९५२ नंतर ती दिसेनाशी झाली. साठीच्या दशकात दूरचित्रवाणीसाठी काही पटांत तिच्या जागी गोरी बाई रंगविण्यात आली आणि आवाजही बदलला. अपमान पुसताना त्यात श्रमलेली काळी अभिनेत्रीच पुसली गेली.

"आजोबा, या बाईंना तोंड का नाही?" नातवाने विचारले. मी चित्र थांबवले आणि मला जमेल तसे सांगितले. त्याने तो प्रसंग पुन्हा लावला, या वेळी न हसता, आणि विचारले, "मग बोलतंय कोण?" मी त्याला नाव सांगितले: लिलियन रँडॉल्फ.