डिझेल पिकअपचा ‘पंप गेला’ म्हणजे काय?

जुन्या, कॉमन रेल नसलेल्या डिझेल पिकअपमध्ये बहुधा दोन पंप असतात. फीड पंप (टाकीतून डिझेल ओढून फिल्टरमार्गे पुढे ढकलणारा छोटा पंप) आणि इंजेक्शन पंप (ते प्रचंड दाबाने नोझलकडे पाठवणारा). बोलताना दोघांनाही ‘पंप’च म्हणतात, आणि महागडा इंजेक्शन पंप विनाकारण खोलला जातो.

खरे तर अनेकदा दोन्ही पंप शाबूत असतात. चिरलेल्या नळीने शहाळ्याचे पाणी ओढले की तोंडात हवाच येते. तसेच टाकीकडच्या पाइपला चीर पडली की फीड पंप हवा ओढतो. म्हणून आधी थंड इंजिनावर फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करून हातपंप मारावा. बुडबुडे थांबतच नसतील, तर पाइप आणि जोड तपासावेत. धार क्षीण असेल, तर आधी फिल्टर बदलावा. तरीही फरक पडला नाही, तरच फीड पंपावर संशय घ्यावा.

नवा फीड पंप बसवताना तांब्याचे वॉशरही नवेच घालावेत. त्यानंतर एअर काढल्याशिवाय सेल्फ मारत राहू नये. त्याने बॅटरी उतरते, सेल्फ तापतो आणि गाडी मात्र सुरू होत नाही.