राजुरा: दोन-तीन हजारांचा फरक

चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात गेल्या तीन विधानसभांत जिंकणाऱ्याला धड श्वास घेता आलेला नाही. २०१४ला भाजपचे संजय धोटे यांनी काँग्रेसच्या सुभाष धोटेंना २,२७८ मतांनी हरवले. २०१९ला सुभाष धोटे परतले, पण २,५०१ मतांनीच. २०२४ला भाजपचे देवराव भोंगळे ३,०५४ मतांनी आले. तिन्ही फरकांची बेरीज आठ हजारांच्याही आत राहते.

यामागे पक्षांच्या जोरापेक्षा मतांची वाटणी जास्त आहे, असे मला वाटते. राजुरा, कोरपना, जिवती आणि गोंडपिपरी अशा चार तालुक्यांत हा मतदारसंघ पसरलेला आहे. एकीकडे कोळसा खाणी आणि सिमेंट कारखाने, दुसरीकडे कापूस आणि जंगल. अशा ठिकाणी सरळ लढत होणार कशी? शेतकरी संघटनेचे ॲड. वामनराव चटप तीनदा आमदार झाले. २००४ला त्यांच्याच रूपाने स्वतंत्र भारत पक्षाचा राज्यातला एकमेव आमदार इथून गेला. त्यानंतर त्यांना यश मिळाले नाही, तरी त्यांना वगळून गणित मांडण्याची हिंमत कुणाची झाली नाही. २०१९ला तर ५७,७२७ मतांसह ते दुसरे आले, भाजप तिसऱ्यावर गेला आणि गोंडवाना गणतंत्र पक्षाच्या गोदरू जुमनाकेंनीही चाळीस हजारांवर मते घेतली. सुभाष धोटेंना विजयासाठी ६०,२२८ मते पुरली. २०२४लाही चटपांची मते पन्नास हजारांपुढेच होती.

फरक एवढा बारीक असला की मतदारयादीतले प्रत्येक नाव महाग होते. ऑक्टोबर २०२४मध्ये इथे नवीन मतदार नोंदणीचे ७,५९२ अर्ज आले. त्यांतले ६,८६१ तपासणीत अवैध ठरले आणि पोलिसांत गुन्हा दाखल झाला. सप्टेंबर २०२५मध्ये राहुल गांधींनी राजुऱ्याचे नाव देशभर नेले: ६,८५० बोगस मतदार घुसवले, हा त्यांचा आरोप. निवडणूक आयोग म्हणाला, ते अर्ज फेटाळले, यादीत गेलेच नाहीत. मला मात्र दुसरीच गोष्ट टोचते. अवैध अर्जांचा आकडा विजयाच्या फरकाच्या दुपटीहून मोठा आहे. ते कुणी आणि कशासाठी भरले, हे मतदारांना कळायलाच हवे.

त्यात जिवतीच्या सीमेवरची चौदा गावे तर महाराष्ट्रातही मत देतात आणि तेलंगणातही. राजुरा तालुका १९५६पर्यंत हैदराबाद राज्यात, पुढे १९५९पर्यंत नांदेड जिल्ह्यात होता. तो जुना गुंता अजून सुटलेला नाही. २०२९ला सुभाष धोटे-भोंगळे पुन्हा समोरासमोर येवोत न येवोत, बूथवरच्या कार्यकर्त्याला प्रचाराआधी यादीच चाळावी लागणार आहे.