चिकित्सालयातील जुना संगणक : कार्यप्रणाली बदलण्यापूर्वी

आपल्यापैकी अनेकांच्या चिकित्सालयात वा औषधी दुकानात गेली दहा-बारा वर्षे एकच संगणक अव्याहत राबतो आहे. रुग्णपत्रे, औषधसाठा, देयके असे सारे त्याच्याच पोटात साठलेले असते. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या कार्यप्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला, तेव्हापासून अनेक वैद्यबंधू याविषयी पृच्छा करीत आहेत.

आधार थांबला म्हणून संगणक बंद पडत नाही. परंतु नव्याने उघडकीस येणाऱ्या दोषांवर दुरुस्ती मिळेनाशी होते. नोंदणी करणाऱ्यांस कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत देऊ केली. रुग्णांची माहिती बाळगणारे यंत्र इंटरनेटला जोडून तसेच चालू ठेवणे इष्ट नव्हे. तथापि घाईही घातक ठरते, हे मी अनुभवाने सांगतो.

विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. त्याच महिन्यात एका तंत्रज्ञाकडून मी ६४-बिट विंडोज ७ बसवून घेतली. रुग्णपत्रांची प्रत त्याने काढून ठेवली होती, म्हणून मी निश्चिंत होतो. सायंकाळी शुष्कार्शाच्या एक जुन्या रुग्णा आल्या. त्यांचे पत्र उघडले, तो पडद्यावर इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग! भल्लातकाचा कल्प योजावा असे मनात होते. बाई म्हणाल्या, "वैद्यबुवा, मागे बिब्ब्याच्या औषधाने अंगभर आग झाली होती ना?" तीच नोंद त्या रांगेत दडलेली होती.

कारण साधे होते. युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये संगणक साठवितो ती इंग्रजी अक्षरांचीच सांकेतिक चिन्हे. देवनागरी आकार केवळ फॉन्ट देतो. नव्या मांडणीत फॉन्ट पुसला गेला होता, मजकूर अखंड होता. एका स्नेह्याच्या संगणकावरून तो फॉन्ट आणून बसविताच नोंदी पुन्हा वाचता आल्या. देयकांची डॉसकालीन १६-बिट आज्ञावली मात्र कायमची गेली, कारण ६४-बिट विंडोजवर ती चालतच नाही. विंडोज ११ तर केवळ ६४-बिट स्वरूपातच येते. औषधसाठा वहीवरून पुन्हा भरावा लागला.

म्हणून पूर्वकर्म नीट व्हावे. सर्व नोंदींची प्रत दोन ठिकाणी घ्यावी आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून वाचावी. न उघडलेली प्रत ही प्रत नव्हेच. सोबत फॉन्टच्या फाइली, आज्ञावलीची मूळ सीडी व परवाना-क्रमांक जपावेत. डॉट-मॅट्रिक्स प्रिंटर नव्या प्रणालीवर चालेल का, हेही आधीच विचारावे. जुने लेखन सवडीने युनिकोडमध्ये न्यावे. मात्र रूपांतरात जोडाक्षरे बिघडतात, तेव्हा मात्रा व अनुपान डोळ्यांनी तपासल्याविना विसंबू नये.

यंत्राचे बलाबलही पाहावे. विंडोज ११ साठी ४ जीबी स्मृती, ६४ जीबी साठवण व टीपीएम २.० आवश्यक आहे. इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे बहुतेक प्रोसेसर तिच्या यादीत नाहीत. या अटी चुकवून ती बसविणारे भेटतात. अशा यंत्राला पुढील सुधारणा मिळतीलच अशी हमी कंपनी देत नाही, म्हणून मी तो मार्ग सुचवीत नाही. लिनक्स मिंट विनामूल्य असून जुन्या यंत्रावरही सुखेनैव चालते. ज्यांचे काम लेखन व इंटरनेटपुरते आहे त्यांना ती पुरेशी व्हावी; दुकानदारांनी मात्र आपली देयक-आज्ञावली तिच्यावर चालते का, हे आधी पाहावे. विंडोजसाठी लिहिलेली आज्ञावली तिच्यावर थेट चालत नाही.

मार्ग कोणताही असो, जुन्या हार्डडिस्कवर नवी प्रणाली चढवू नये. नवी एसएसडी विकत घेऊन तिच्यावर ती बसवावी. संगणकाचा वेगही वाढतो. जुनी डिस्क जशीच्या तशी काढून, तारीख लिहून कपाटात ठेवावी. काही अडले तर तीच पुन्हा जोडून दुसऱ्या दिवशीचे काम चालविता येते. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. औषधी दुकानदारांनी निदान तोवर तरी ती डिस्क भंगारात देऊ नये.